देवस्थळी काकूंच्या तीन सिस्टर

काशीत देह ठेवला की माणूस नाव आणि रूप या दोन्हींतून कायमचा सुटतो, असं शास्त्र सांगतं. राजा घाटामागच्या गल्लीत मी ज्या घरात भाड्याने राहत होतो, त्या घराचं विजेचं बिल मात्र मथुराबाई देवस्थळी या नावाने येत असे, आणि मथुराबाईंना सुटून बराच काळ लोटला होता. वीज खात्याने शास्त्र वाचलेलं नसावं.

बिल भरत असे त्यांची सून, सुहासिनी देवस्थळी. गल्लीतली मराठी घरं तिला देवस्थळी काकू म्हणत, बाकीचे ‘मास्टरनी जी’. मुलींच्या एका इंटर कॉलेजात जन्मभर इंग्रजी शिकवून काकू निवृत्त झाल्या होत्या. यजमान गेलेले, मुलगा बंगळूरला. सुहासिनी हे नाव त्यांना लग्नात मिळालं होतं आणि ते त्यांना कधी बसलं नाही. त्यांच्याइतका कमी हसणारा माणूस मी पाहिलेला नाही.

सांगलीहून बँकेने माझी बदली केली आणि मी त्यांची वरची खोली पाहायला गेलो. पगार किती, अंडं खाता का, पाहुणे किती येतात, यातलं काही त्यांनी विचारलं नाही.

“पूर्ण नाव?”

“मुकुंद वामन सोहोनी.”

“बसा, मुकुंद वामन. पंखा चालवते. खिडकी उघडू नका, बंदर येतात.” मग जरा पुढे वाकून, पण माझ्या चेहऱ्याच्या थोडं बाजूला बघत त्या म्हणाल्या, “इंग्लंडच्या चर्चची सिस्टर. राणीच्या काळात बनारसला आलेली. तिचं नाव बर्नाडेट असू शकतं का?”

“काकू, मी बँकेत आहे.”

“म्हणून तर विचारते. नावाचं एक अक्षर इकडचं तिकडे झालं की तुम्ही लोक माणसाला ओळखत नाही. असा माणूस मला पाहिजेच होता.”

खोली मला मिळाली. बर्नाडेट चालणार नाही, हे त्यांना आधीपासून ठाऊक होतं. मी ‘असेल की’ म्हणालो असतो तर खोली मिळाली नसती, हे त्यांनी पुढे कधीतरी सांगितलं.

काकू कादंबरी लिहीत होत्या. निवृत्तीनंतर बहुतेक मास्तर मंडळी आत्मचरित्र लिहितात आणि नातेवाइकांना वाटतात. काकूंनी स्वतःला सोडून तीन इंग्रज बायका निवडल्या होत्या: अँग्लिकन पंथाच्या, म्हणजे रोमच्या पोपला न मानणाऱ्या इंग्लंडच्या चर्चच्या, व्रतस्थ सिस्टर. जहाजाने कलकत्ता, तिथून बनारस, आणि कँटोनमेंटपलीकडे बायकांसाठी एक दवाखाना. तिघींतली एक पटकीने जाते, एक परत जाते, एक इथेच म्हातारी होते. मजकूर सगळा तयार होता. फक्त तिघींना नावं नव्हती. हस्तलिखितात त्या थोरली, मधली आणि धाकटी होत्या, जणू एखाद्या चित्पावन घरातल्या जावा.

“तात्पुरतं आहे,” काकू म्हणत. “नाव बरोबर मिळालं की बदलायचं.”

हे तात्पुरतं काही वर्षं चाललं होतं. आणि आता वेळ राहिली नव्हती. काकूंच्या दोन्ही डोळ्यांच्या पडद्यावर मधोमध डाग पडला होता आणि तो पसरत होता. कडेचं दिसे, समोरचं दिसत नसे. “माणसाचा चेहरा सोडून बाकी सगळा माणूस दिसतो,” असं त्या सांगत. डोळ्यांत सुया टोचून झाल्या होत्या. डॉक्टर आता ‘जे आहे ते सांभाळा’ म्हणत होते. त्या काळ्या जाड स्केचपेनने लिहीत. एका पानावर जेमतेम चार ओळी मावत. पलंगाखाली कादंबरीचे गठ्ठे होते आणि त्यांच्यावर मांजर झोपे.

नावांचं त्यांचं वेड जुनं होतं. कॉलेजात हजेरी नंबराने घ्यायची असा नियम निघाला तेव्हा काकूंनी तो मानला नाही. त्या प्रत्येक मुलीचं नाव, बापाचं नाव, आडनाव असं सगळं पुकारत आणि पहिला तास त्यातच संपे. प्राचार्यांनी बोलावून विचारलं तर म्हणाल्या, “सर, निदान तेवढं तरी बरोबर शिकवते.” दूधवाला त्यांच्याकडे ‘रामअवतार यादव’ होता, ‘भैया’ नव्हता. त्याने एकदा माझ्याकडे कौतुकाने तक्रार केली, “हमरी घरवाली भी पूरा नाम नहीं जानती, साहब. मास्टरनी जी रोज सबेरे ऐसे बुलाती हैं जैसे कचहरी में पेशी हो.”

माझ्याकडे काम आलं ते वाचनाचं आणि टंकण्याचं. संध्याकाळी बँकेतून आलो की त्या आरतीच्या घंटांपेक्षा मोठ्याने मला मजकूर सांगत आणि मी लॅपटॉपवर उतरवत असे. मग इंटरनेटवर नावं शोधायची. हे प्रकरण दिसतं तितकं सोपं नाही. ननची नावं विचारली की इंटरनेट आधी नवजात बाळांची नावं दाखवतं आणि मग फॅन्सी ड्रेससाठी ननचे पोशाख, तीन मापांत, घरपोच. काकूंना मी हे वाचून दाखवलं.

“जपाची माळ फुकट देतात का?”

“देतात म्हणे.”

“म्हणजे रोमन असणार,” काकू म्हणाल्या. “पुढचं बघा.”

मी नावं वाचायचो आणि त्या नाकारायच्या. इमॅक्युलाटा: रोमन. पर्पेच्युआ: असेल, पण पुरावा काय? मेरी अमुक, मेरी तमुक: हे सिनेमातलं. एकदा बँकेत ऑडिटर समोर बसलेला असताना फोन वाजला. “मुकुंद वामन, अगाथा चालेल का?” मी हळू आवाजात म्हणालो, नंतर बोलू. “नंतर मला दिसणार नाही,” असं म्हणून त्यांनी फोन ठेवला. ऑडिटरने विचारलं, कोण अगाथा? कर्जदार आहे का? मी म्हणालो, अजून खातं उघडलेलं नाही.

तो विनोद त्या दिवशी मला बरा वाटला. घरी गेलो तेव्हा काकू अंधारात बसल्या होत्या. लाइट लावायचं त्यांच्या लक्षात आलं नव्हतं.

एवढी घालमेल कशासाठी, ते त्यांनी एकदाच सांगितलं, तेही चहा गाळता गाळता. लग्न होऊन नागपूरहून काशीला आल्या त्या पहिल्याच वर्षी त्यांना विषमज्वर झाला. सासरे कर्मठ, तरी नाइलाजाने त्यांनी मिशनच्या इस्पितळात ठेवलं. तिथे एक म्हातारी इंग्रज सिस्टर होती, उंच, एका पायाने लंगडणारी. तिने तोडक्या हिंदीत विचारलं, “नाम क्या है?”

काकूंना उत्तर देता येईना. माहेरचं नाव मथुरा. पण सासूचंही नाव मथुराच निघालं. सासरे बायकोचं नाव तोंडाने घ्यायचे नाहीत. मग सुनेलाही हाक मारायची पंचाईत. एका घरात दोन मथुरा चालणार नव्हत्या, आणि जी नंतर आली तिने बदलायचं असतं. तबकात तांदूळ पसरले, यजमानांनी सोन्याच्या अंगठीने त्यात ‘सुहासिनी’ लिहिलं आणि तांदूळ गोळा करून मथुराला निकालात काढलं. पुढे कितीतरी दिवस घरात ‘सुहासिनी’ अशी हाक पडली तरी ही वळून बघत नसे. सासूने पोरगी बहिरी आहे असं जाहीर केलं आणि कानाच्या डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरने तपासून सांगितलं, कान उत्तम आहेत. सासूच्या मते तो डॉक्टर अडाणी होता.

“सिस्टरने दोनदा विचारलं,” काकू म्हणाल्या. “मी रडायला लागले. ती पलंगावर बसली आणि म्हणाली, कोई जल्दी नहीं, याद करके बताना. दुसऱ्या दिवशी मी तिला मथुरा सांगितलं. मग इस्पितळात असेपर्यंत ती मला मथुरा म्हणायची. तिच्यानंतर मला त्या नावाने कोणी बोलावलं नाही.”

“आणि तिचं नाव?”

“मी विचारलंच नाही. सगळे सिस्टर म्हणायचे, मी पण सिस्टर म्हटलं.” चहा गाळून झाला होता, तरी त्यांनी गाळणं हातात तसंच धरून ठेवलं होतं. “आता खरं नाव मिळणार नाही, एवढी अक्कल आहे मला. पण कादंबरीतली धाकटी म्हणजे तीच, काळ तेवढा मागे नेलाय मी. जे असूच शकत नाही असं नाव तिला देऊ?”

त्याच सुमारास शहरात एक मोठं चर्चासत्र झालं. विषय ‘इतिहास आणि उपन्यास’. मुख्य पाहुणे नामवंत हिंदी कादंबरीकार. त्यांच्या ताज्या ऐतिहासिक कादंबरीत एक मिशनरी सिस्टर होती, म्हणून काकूंनी मला रजा टाकायला लावली. दीप लावला, सरस्वतीचं स्तवन झालं, शाल, श्रीफळ, पुष्पगुच्छ, परत शाल. पाहुणे इतिहासाच्या आत्म्यावर बोलले. शरीरावर बोलायला त्यांना वेळ मिळाला नाही. प्रश्न विचारा म्हटल्यावर काकू उभ्या राहिल्या आणि व्यासपीठाऐवजी शेजारच्या कुंडीकडे बघत म्हणाल्या, “आपकी सिस्टर इंग्लैंड के चर्च की है, और नाम आपने पूरा रोमन रखा है. यह नाम आपको कहाँ मिला?”

पाहुणे क्षमाशील हसले. “माताजी, उपन्यास में भाव देखिए, नाम मत देखिए.”

“तो किताब पर से आपका नाम हटा दें?” काकू म्हणाल्या. “भाव रहने देते हैं.”

मागच्या रांगेतल्या मुलांनी बाकं वाजवली. अध्यक्षांनी चहाची घोषणा केली. परतताना ई-रिक्षात मी त्यांचं अभिनंदन केलं. काकूंनी ते घेतलं नाही. “त्याला खरंच ठाऊक असेल असं वाटलं होतं मला,” एवढंच म्हणाल्या.

शेवटी पत्ता लागला तो आमच्या शाखेत निवृत्तिवेतनाच्या हयातीच्या दाखल्यासाठी आलेल्या एका वृद्ध पाद्र्याचा. डॅनियल मसीह. मी दाखला बाजूला ठेवून त्यांना सिस्टरबद्दल विचारलं, तेव्हा ते जरा घाबरले. मग रविवारी घरी या म्हणाले.

काकूंनी त्या रविवारी ठेवणीतलं इरकल नेसलं. मांडीवर पिशवी आणि पिशवीत एकच प्रकरण, त्यांचं सगळ्यात लाडकं: धाकटीच्या नामकरणाचं. धाकटी वेदीपुढे गुडघे टेकते, बिशप तिचं जुनं नाव पुसून नवं नाव उच्चारतो, मग बाहेर आल्यावर तिला त्या नव्या नावाने हाक पडते आणि ती वळत नाही. मी टंकलेल्या सगळ्या मजकुरात तसलं पान दुसरं नव्हतं. ते टंकताना मी मध्ये उठून पाणी प्यायला गेलो होतो, आणि तहान लागलेली नव्हती.

पादरी साहेबांनी टोस्ट आणि चहा मागवला. काकूंनी आधी त्यांचं पूर्ण नाव विचारून घेतलं आणि मग तयारीने सुरुवात केली. “जब सिस्टर बनती थीं, तब नया नाम कौन देता था? बिशप, या मठ की बड़ी सिस्टर?”

“कैसा नया नाम?”

“जो व्रत लेने पर मिलता था.”

“देखिए, रोमन लोगों में मिलता है. हमारे यहाँ भी बाद में कहीं-कहीं चला,” ते म्हणाले. “लेकिन आप जिस ज़माने की बात कर रही हैं, उसमें ज़्यादातर अपना ही नाम रखती थीं. बपतिस्मे वाला. हैरिएट आई तो सिस्टर हैरिएट. बस.”

“बदलती नहीं थीं?”

“क्यों बदलें? ईश्वर तो उसी नाम से जानता है.”

काकूंनी कप बशीत ठेवला. “और दो एक नाम की हों तो?”

“तो दोनों रहेंगी,” पादरी साहेब सहज म्हणाले. “एक को हैरिएट कहो, एक को हैरिएट मेरी. घर बड़ा होता है, बहनजी.”

वर्षानुवर्षं मी वाचलेली एमा, एलन, हॅरिएट अशी साधी नावं काकूंनी झटकून टाकली होती. ही तर माहेरची नावं, म्हणायच्या, व्रत घेतल्यावर ही राहतील कशी? घरात शिरलेल्या बाईचं पहिलं नाव टिकू शकतं, ही शक्यताच त्यांना सुचली नव्हती. मलाही नव्हती. सांगलीला असलेल्या माझ्या बायकोचंही नाव आम्ही बदललंय, आणि का बदललं ते घरात कोणालाच आठवत नाही.

मिशनच्या इस्पितळातल्या लंगड्या सिस्टरबद्दल काकूंनी विचारलं. पादरी साहेबांनी मान हलवली. लहानपणी पाहिल्याचं त्यांना आठवत होतं. “लेकिन उन्हें सब सिस्टर ही कहते थे.”

मग ते आम्हाला कब्रस्तानात घेऊन गेले. तिथे बकऱ्या चरत होत्या. भिंतीजवळच्या, राणीच्या काळातल्या एका दगडापुढे ते थांबले. काकूंना दगड दिसत होता, त्यावरचं दिसत नव्हतं. त्या खाली बसल्या, इरकल मातीत, आणि बोटाने अक्षरं चाचपत एकेक वाचायला लागल्या. पूर्ण झाल्यावर त्यांनी ते नाव हजेरीच्या आवाजात पुकारलं, “सिस्टर हॅरिएट.” एका बकरीने मान वर केली.

“पुढे? आडनाव?”

“सरनेम छोड़ दिया उन्होंने,” पादरी साहेब म्हणाले. “नाम नहीं छोड़ा.”

घरी आल्यावर काकूंनी पिशवी माझ्यापुढे केली. “नामकरणाचं प्रकरण काढून टाका.”

“काकू, तेच सगळ्यात चांगलं आहे.”

“चांगलं आहे, पण ते तिचं नाही, माझं आहे. तिच्या अंगावर घातलंय मी. फॅन्सी ड्रेस.” त्यांचा आवाज फुटला. “इतकी वर्षं मी शोधत काय होते? त्या बायका समुद्र ओलांडून आल्या, घर सोडलं, देश सोडला, केस कापले. आणि नाव त्यांच्याजवळच राहिलं. मी नागपूरहून रेल्वेने आले, मुकुंद वामन! फक्त रेल्वेने!”

त्या रडल्या. मी कुठे बघावं ते न कळून पलंगाखाली मांजराकडे बघत राहिलो. मग त्यांनी तोंड धुतलं, मला लॅपटॉप उघडायला लावला, आणि प्रकरण पुसल्यावर आधीचं आणि नंतरचं पान सलग वाचून घेतलं, मध्ये काही शिल्लक राहिलं नाही ना याची खात्री करायला. थोरली हॅरिएट झाली, मधली एमा. धाकटी, जी इथेच म्हातारी होते आणि जिचा एक पाय शेवटी दुखावतो, तिच्यापाशी काकू थांबल्या.

“हॅरिएट मेरी,” त्या म्हणाल्या. “दोघी राहू देत.”

पुस्तक छापायला गेलं तोवर काकूंना फक्त उजेड आणि काळोख कळत होता. लेखिकेचं नाव ‘मथुरा’ एवढंच घालायचं, असं त्यांनी प्रकाशकाला बजावलं. मुलाने बंगळूरहून फोन केला. मी शेजारीच होतो. फोन स्पीकरवर होता.

“अगं आई, ते आजीचं नाव आहे.”

“माझं पण होतं. दोघी राहू शकलो असतो, जयंत.”

“पण आधारवर, पेन्शनवर सगळीकडे सुहासिनी आहे. उद्या कोणी विचारलं तर?”

“कोणी विचारलं तर मला फारच आनंद होईल,” काकू म्हणाल्या.

आडनावाशिवाय पुस्तक विकलं जात नाही असं प्रकाशकाचं मत पडलं आणि त्याने न विचारता पुढे देवस्थळी जोडलं. अर्पणपत्रिकेत होतं: ‘जिचं नाव विचारायचं राहिलं, तिला.’ त्यात काही चूक नव्हती.

तोपर्यंत माझी परत बदली झाली होती. गणेशोत्सवात तिथल्या मराठी मंडळाने काकूंचा सत्कार ठेवला, म्हणून मी गेलो. सभागृहात दूधवाला रामअवतार यादवसुद्धा पहिल्या रांगेत होता. काकूंना हाताला धरून खुर्चीवर बसवलं. त्या ताठ बसल्या होत्या, चेहरा किंचित वर, हजेरीत आपलं नाव येण्याची वाट बघणाऱ्या मुलीसारख्या.

अध्यक्ष बोलायला उभे राहिले. पुस्तक त्यांनी वाचलं नव्हतं, पण मुखपृष्ठ नीट वाचलं होतं. ते म्हणाले, “मथुराबाई देवस्थळी आमच्या गल्लीच्या भूषण. त्यांच्या हातचं पुरणपोळीचं जेवण जे जेवले ते अजून आठवण काढतात. त्या लिहीत होत्या हे आम्हाला कोणालाच ठाऊक नव्हतं. पण त्यांच्या सूनबाईंनी, स्वतःला दिसत नसताना, सासूबाईंचं लेखन जपलं, छापून आणलं. आजच्या काळात अशी सून शोधून सापडायची नाही!”

टाळ्या पडल्या. खूप पडल्या. मागून एक म्हातारा सद्गदित होऊन “वाह, बहू हो तो ऐसी!” म्हणाला.

काकूंचा चेहरा एकदम माझ्या दिशेला वळला. मी कुठे बसलोय हे त्यांना ठाऊक नव्हतं, तरी. मग त्या खुर्चीचा हात धरून उठल्या आणि माईकसाठी हात पुढे केला. संयोजक तत्पर होते. त्या हातात त्यांनी नारळ दिला. दुसरा हात पुढे आला, तेव्हा त्यात शाल दिली. मी रांगेतून वाट काढत पुढे जाईपर्यंत राष्ट्रगीत सुरू झालं होतं, आणि सगळे जागच्या जागी उभे राहिले. मीही राहिलो. काकू नारळ छातीशी धरून उभ्या होत्या. ओठ हलत होते, पण ते राष्ट्रगीताचे शब्द नव्हते.

तो हिवाळा त्यांनी काढला नाही. जयंतने घर विकलेलं नाही, भाड्याने दिलं आहे. वाचनालयाच्या कपाटात पुस्तकावर ‘कै. मथुराबाई (सासूबाई)’ अशी चिठ्ठी चिकटवलेली आहे. विजेचं बिल अजून मथुराबाई देवस्थळी याच नावाने येतं, आणि जयंत ते बंगळूरहून मोबाइलवरून वेळेवर भरतो.